रिकाम्या गोदीतले घण

खरं तर हे सांगायची मला बंदी आहे — आई इथलं कँटीन सांभाळते ना, तिने बजावलंय, पाहुण्यांपुढे चहा ठेवायचा आणि तोंड मिटून परत यायचं. पण तुम्हीच विचारलंत म्हणून — साखर खाली बसलीय, ढवळून घ्या — तुम्ही मघाशी साहेबांना म्हणत होतात ना, मालवाहू जहाजाची एवढी किंमत कशी? मला माहितीये. दादाने सांगितलंय. लोखंड महागलं की जहाज महागतं, हे तर कुणीही सांगेल. इंजिन बाहेरून येतं, तिथे घासाघीस फारशी चालत नाही. पण खरा भाव ठरतो रांगेवर. माल वाहून न्यायचं भाडं चांगलं मिळायला लागलं की सगळ्यांनाच नवं जहाज हवं असतं, मग गोदीत जहाज बांधायला जागा उरत नाही — आणि जागा नसली की मालक ताठ. जागा रिकामी असली की — हां, तेच. तुमचा तर धंदाच आहे तो.

आवाज ना? कामाचाच आहे. म्हणजे — काका, नीट ऐका ना. जहाजावर घण पडला की घुमतो, पोटातून आल्यासारखा. हा नुसता ठणठणतोय. जमिनीवरच्या भंगार पत्र्यावर मारतायत. गिऱ्हाईक आलं की मारायला लावतात, गोदी भरलेली वाटावी म्हणून. दोन घाव आणि मग खोकला, ऐकलंत? ते माझे बाबा.

अगं बाई. हे बोलायचं नव्हतं.

हसू नका ना. तुम्ही फोनवर म्हणालात, समुद्रापलीकडची गोदी स्वस्तात देतेय. देणारच. इथलं काम संपल्यावर दादा तिकडेच गेलाय. एका खाटेवर तिघं जण, पाळीपाळीने निजतात — एक उठला की दुसरा आडवा, अंथरूण गार होतच नाही म्हणे. जेवलास का विचारलं तर प्रश्न पुरा व्हायच्या आत हो म्हणतो. म्हणजे आमचाच दादा तिकडे स्वस्त झालाय, आणि त्याच्या स्वस्ताईने इकडे बाबांचं काम जातंय. आईला नका सांगू, तिला वाटतं तो मजेत आहे. त्याचं ताट ती अजून रोज घासते — कुणी जेवलेलं नसतं त्यात, तरी घासते.

मुकादम म्हणालेत, तुमचं जहाज मिळालं तर दादाला परत बोलावू. पण भाव नीट आला तरच हं. पाडून घेतलंत तर आहेत त्याच माणसांत उरकतील. म्हणून म्हणते, काका, तुम्ही — फोन का काढलात? कुणाला लावताय? मी बोलले ते नका ना सांगू, जागा रिकामी नाहीये, मी आपलं उगाच — आले गं आई! — काका, ऐका, तो आवाज खरंच जहाजावरचाच आहे, तुम्ही त्यांना फक्त एवढंच — आले म्हटलं ना! — एवढंच सांगा की