बुधवारचा तास

लोर्ना : दिसतेय मला नायोमी. पण तिला चर्चची टोपी का घातलीय, मास ऑब्री? आज तर बुधवार.

ऑब्री : तास आहे ना तिचा. दर बुधवारी तोंड धुऊन, केस विंचरून बसवतो फोनसमोर. आजपासून तुम्ही दिसणार म्हणालात, म्हणून टोपीपण.

लोर्ना : आणि तुम्ही कुठे आहात? नुसता आवाज येतोय.

ऑब्री : दाराबाहेर. तुमचं चालू द्या, बाई. मी मध्ये येत नाही.

लोर्ना : थांबा जरा. इतके दिवस मी बोलून पाठवत होते, ते सगळं तुम्ही तिला ऐकवलंत? 'डबा हातात घ्या, बाळाला वाजवून दाखवा', हे तिला?

ऑब्री : शब्द न शब्द. हलली नाही पोरगी. शहाणी आहे.

लोर्ना : तुम्ही तेव्हा काय करत होतात?

ऑब्री : नीरफणसाखाली बसायचो. बाई शिकवत असताना मोठ्या माणसांनी आवाज करायचा नाही, आमच्या आईची शिस्त. तुम्ही 'झालं का' विचारायचात, मी अंगठा पाठवायचो.

लोर्ना : वादळात रस्ता वाहून गेला नसता, तर मी आरोग्य केंद्रातून चालत तुमच्या अंगणात आले असते आणि पहिल्याच दिवशी तुम्हाला जवळ बसवलं असतं. फोनवर ते सांगायचं राहूनच गेलं. तास तिच्यासाठी नाहीत, मास ऑब्री. तुमच्यासाठी आहेत, तिच्याशी कसं खेळायचं-बोलायचं ते शिकायला.

ऑब्री : माझ्यासाठी? माझे गुडघे बघा, बाई. वडीलधारा म्हणून 'मास' म्हणता मला, या गुडघ्यांना कोण शाळेत घेणार?

लोर्ना : नायोमी अडीच वर्षांची झाली. दिवसभर तुमच्याजवळ असते. तिच्याशी बोलतं कोण?

ऑब्री : बुधवारी तुम्ही. रविवारी तिची आई, कॅनडातून. आमची शर्लीन तिथं शेतावर स्ट्रॉबेरी खुडते. फोन लागला की तिचं एकच, 'मम्मी म्हण, मम्मी म्हण', आणि ही मान खाली घालते. परवा शर्लीन रडली. म्हणाली, पप्पा, नाताळपर्यंत बोलली नाही तर किंग्स्टनला मावशीकडे ठेवूया तिला. तिथं पोरंटोरं आहेत, शेजार आहे, बोलायला शिकेल.

लोर्ना : मग तुम्ही काय म्हणालात?

ऑब्री : बरं म्हणालो. काय म्हणणार? पोरीचं भलं होत असेल तर होऊ दे. रात्री माझा कान धरून झोपते ती, तेवढं एक आहे.

लोर्ना : पण तुम्ही का बोलत नाही तिच्याशी?

ऑब्री : माझी बोली ऐकताय ना? होडीवरची. शर्लीन लहान असताना अशीच बोलायची, तर शाळेत हसले तिला. घरी येऊन म्हणाली, पप्पा, मला घ्यायला फाटकापर्यंत येत जाऊ नका. तेव्हापासून ते मनात राहिलंय. या पोरीच्या कानावर चांगलं पडू दे. तुमच्यासारखं.

लोर्ना : माझा आवाज पडतो कानावर, पण तेवढ्यानं ती बोलणार नाही. मी पाठवलेलं ऐकताना तिनं तोंड उघडलं तरी मला कळत नाही. मी थांबत नाही, पुढेच बोलत राहते. तिच्यासाठी थांबणारं माणूस लागतं.

ऑब्री : हं.

लोर्ना : दिवसभर दोघं करता काय?

ऑब्री : पिंजरा विणतो. मासे पकडायचा, तारेचा. ती समोर बसून तुकडे देते. वाकडी तार देत नाही बरं का, बाजूला टाकते.

लोर्ना : मग आणा पिंजरा. हात जे करतात ते तोंडानं सांगा तिला.

ऑब्री : ती उत्तर देत नाही, बाई.

लोर्ना : तुमच्या कोंबड्या देतात? मघापासून ऐकतेय, दाराबाहेर मध्येमध्ये त्यांच्याशी छान गप्पा चालल्यात तुमच्या.

ऑब्री : कोंबड्यांचं वेगळं. त्यांना कुणी किंग्स्टनला नेत नाही.

लोर्ना : एवढंच करा. थोडं बोललात की गप्प बसा, गळ टाकून बसता तसं. तिच्या तोंडाकडे बघा. आणि मला कुठेतरी झाकून ठेवा, नाहीतर ती माझ्याकडेच बघत बसेल.

ऑब्री : भाकरीच्या टोपलीत ठेवू? कसावाच्या आहेत, गरम.

लोर्ना : ठेवा.

(फोन टोपलीत. वर फडकं.)

ऑब्री : ये गं. ती टोपी काढ आधी, घाम फुटलाय तुला. बस. ही बघ तार. इथनं आत घालायची, तिथनं बाहेर काढायची. धर टोक. धरलंस? आता खेच. अस्सं. काय बघतेस? म्हातारा बोलायला लागला म्हणून? मलाही नवीनच आहे गं ते. दे पुढची. ही घातली आत. टोक धर. आता...

ऑब्री : बाई. बाई, आहात ना?

लोर्ना : आहे. फडकं दिसतंय.

ऑब्री : मी 'आता' म्हणून थांबलो, तुम्ही सांगितलंत तसा. तर पोरगी म्हणाली, 'खेच'. ऐकलंत?

लोर्ना : नाही ऐकू आलं.

ऑब्री : हळूच म्हणाली. मासा आमिषाला तोंड लावतो ना, तेवढंच. पण हा होडीवरचा शब्द झाला, बाई. चालेल?

लोर्ना : तिचा आहे, मास ऑब्री. चालेल म्हणजे काय. रविवारी शर्लीनचा फोन आला की 'मम्मी म्हण' नको. फोन बाजूला टेकवा आणि दोघं पिंजरा विणत बसा. शर्लीनला ऐकत राहू दे.

ऑब्री : माझंही ऐकेल मग ती. हे असलं, होडीवरचं.

लोर्ना : ऐकू दे. तिकडे तिला ते कोण ऐकवतं?

ऑब्री : हं. तास संपला का?

लोर्ना : नाही, वेळ आहे अजून. का?

ऑब्री : ठेवू का फोन? पोरगी तार धरून बसलीय.