सोनगीरची माय

माझं माहेर यावल तालुक्यातलं, बाप केळीच्या बागात मजुरी करे, माय पण त्याच बागात, अन् मी चालायले लागली तशी मी पण. लग्न होऊन सावद्याले आली तरी केळी काही सुटली नई. आमचे हे, मिलिंद, ट्रकवर केळी भरायचे अन् मी वखारीत फण्या धुवायची. घर लहान पण नीटनेटकं, भिंतीवर बुद्धाचा फोटो, पौर्णिमेले विहारात वंदना. यांले वाचायची आवड लई. आपण आत्मा मानत नई, पुनर्जन्म मानत नई, हे ते कोणालेही समजावून सांगत, अगदी चहाच्या टपरीवर उभं राहून. अन् त्याच घरात हे झालं, काय सांगू तुम्हाले.

आमची प्रज्ञा तीन वर्षांची व्हती, बोबडं बोलायची. एक दिवस मी तिचे केस विंचरून राह्यली अन् ती म्हणे, मनी माय वाट देखस. मी म्हटलं, अवं मीच तुझी माय. तर मान हलवते, नई म्हणते, मनं घर सोनगीरले शे, मना बाप भांडा ठोकस. आता तुम्ही बाहेरचे, तुम्हाले नई कळणार, आमच्या सावद्यात 'आहे'ले कोणी शे म्हणत नई. ती धुळ्याकडची अहिराणी. आमच्या घरात ना माझ्या माहेरात ना सासरी, कोणाच्या तोंडी ती बोली नई. मग रोजच सुरू झालं. चुलीमागं सरपण ठेवलेलं असायचं तर तिथं पाय ठेवायची नई, म्हणे तिथं साप शे, मले चावना, म्हणजे चावला.

हे म्हणत, वखारीत धुळ्याकडच्या बाया कामाले येतात, पोरगी त्यांच्याच झोळीशेजारी झोपते, त्यांचं ऐकून बोलते, त्यात काय एवढं. खरंही असेल ते. त्या बायांले मी विचारलं, सोनगीरचं कोणी आहे का तुमच्यात, तर त्या म्हणत नई, पण बाया हंगामाले येत अन् जात, कोण कोणत्या गावची हे कोणी लिहून ठेवतं का. मी मात्र झुरू लागली. आपलं लेकरू दुसऱ्या बाईले माय म्हणते, ते ऐकवत नई हो. शेवटी हेच म्हणे, चल, एकदा जाऊन खरं काय ते पाहू, तिथं काही नसलं म्हणजे तुझ्या डोक्यातलं जाईल अन् पोरगीही विसरेल.

जळगावची गाडी, मग धुळ्याची, मग सोनगीर. वाटभर पोरगी झोपली. गावाच्या वर तो किल्ला दिसतो, तो पाहूनही काही बोलली नई, तेव्हा हे माझ्याकडं पाहून हसले. आम्ही तांबटांच्या गल्लीत विचारलं, साप चावून पोरगी गेलेलं घर कोणतं. तर लोकांनी लगेच दाखवलं. माझे पायच थांबले तिथं. घरातून एक बाई बाहेर आली, माझ्याच वयाची, कमलअक्का. तिची पोरगी छाया गेली व्हती सरपण काढताना, आमची प्रज्ञा जन्माले यायच्या आदल्या वर्षी. आम्ही कसंबसं सांगितलं. ती नुसती पोरीकडं पाहत राह्यली, अन् पोरगी काय, तिले पाहून रडली अन् माझ्या लुगड्यात तोंड घातलं. ओळखलं नई तिनं. कमलअक्काचं तोंड असं उतरलं की मलेच वाटलं, कशाले आलो आपण.

ओट्यावर तिचा नवरा हंडा ठोकून राह्यला व्हता. त्यानं हात थांबवला नई, वरही पाहिलं नई. आम्ही पाणी पिऊन राह्यलो तेवढ्यात प्रज्ञा माझ्या हातातून सुटली, ओट्यावर गेली अन् त्या माणसाच्या पाठीले कान लावून बसली. डोळे मिटून. त्याची हातोडी वर गेली ती वरच राह्यली. कमलअक्का खाली बसली, म्हणे, छाया आशीच बसे, पाठमाईन आवाज ऐके. मी यांच्याकडं पाहिलं. आजवर त्याच्यावर ते काही बोलले नई.

मग गल्ली जमली, अन् घरातली म्हातारी, कमलअक्काची सासू, तिनं विचारलं, तुम्ही कोण लोक. हे सरळ म्हणे, आम्ही बौद्ध. म्हातारी कपाळाले हात लावून म्हणे, काय पाप करं व्हई मनी नातनी, ते आशा घरमा जलम लिधा. भर गल्लीत. कोणी तिले गप म्हटलं नई. हे उठले, पोरगीले कडेवर घेतलं, आवाज चढवला नई, म्हणे, आजी, तुमची नात आमच्याकडं आली असेल तर चांगल्या घरी आली. अन् आली नसेल तर ही माझी आहेच. चल, मले म्हणे. मान खाली घालून मी त्यांच्या मागं निघाली. माझ्या झुरण्यापायीच हा माणूस तिथं आला व्हता, ते ऐकायले.

कमलअक्का हायवेपर्यंत मागं आली, पायात चप्पल नई. रडली नई, फक्त म्हणे, सासू बोलनी ते मनं नही. वरीसमा एकदाव मले हिनं तोंड देखू द्या. हे रस्त्याकडं पाहत राह्यले. मी म्हटलं, या.

अन् ती आली हो. दर आखाजीले, म्हणजे अक्षय्य तृतीयेले. आमच्या खान्देशात आखाजीले लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, अन् ही बाई लेकीसाठी उलटी आमच्याकडं यायची. घरी भावाकडं जाते सांगून. सांजोऱ्या आणायची, बांगड्या आणायची. पहिल्या वर्षी यांनी स्वतः तिले पाणी दिलं, ती प्यायली, अन् आमच्या ताटात जेवली. यांनी मग तिले ताई म्हणायले सुरुवात केली. म्हणत, मी तिचं मानत नई, पण तिचं दुःख तर खरं आहे.

प्रज्ञा शाळेत जाऊ लागली अन् हळूहळू ते सगळं सुटलं. शे गेलं, सोनगीर गेलं. सरपणातून काड्या काढून आणायची बिनघोर. एका आखाजीले कमलअक्का गेल्यावर मले विचारते, आई, ही बाई मले धरून काहून रडते. तेव्हा मी काय केलं सांगू. आत जाऊन बुद्धापुढं मेणबत्ती लावली. आनंद झाला मले. त्या बाईचं लेकरू दुसऱ्यांदा गेलं, माझ्या घरात गेलं, अन् मले आनंद झाला. हे माझ्या मनातून जात नई, कधीच गेलं नई.

अन् तो आनंद झाला म्हणूनच, पोरगी विसरली हे मले कमलअक्काले सांगवेना. मी पोरगीले शिकवलं, ती आली की माय म्हण, इचारलं की हो म्हण. कमलअक्का विचारायची, छाया, आपली गाय कशी व्हती वं. पोरगी माझ्याकडं पाहायची. मी आधी अक्काच्याच तोंडून ऐकलेलं असायचं, मी हळूच म्हणायची, कबरी ना गं. कबरी, पोरगी म्हणायची. अन् त्या बाईचं तोंड असं फुलायचं. हे बाहेर उठून जायचे. मले म्हणत, हे चांगलं नई करत तू. मी म्हणायची, वर्षातून एक दिवस तर आहे. पण तो एक दिवस यायच्या आधी महिनाभर मले झोप नसायची.

प्रज्ञा दहावीत गेली त्या आखाजीले तिनंच संपवलं. कमलअक्का तिच्या हातात बांगड्या भरून राह्यली व्हती. पोरगी म्हणे, मावशी, मले काही आठवत नई. लहानपणापासूनच नई. आई सांगते तसं मी बोलते. मी दारात उभी. कमलअक्कानं उरलेली बांगडीही भरली, चहा पिली, पिशवी उचलली. माझ्याकडं पाहिलंही नई. त्यानंतर आली नई.

तीन आखाज्या मी वाट पाहिली, मग मीच गेली सोनगीरले, एकटी. म्हातारी वारली व्हती, ओटा रिकामा, नवरा अंथरुणावर. कमलअक्कानं मले बसायले गोधडी दिली. मी म्हटलं, अक्का, मी खोटं बोलली, तुले बरं वाटावं म्हणून. ती म्हणे, पोर इसरी गई यानं मले काही नही. लेकरं इसरतस. पण तू तवय सांगती ना बहीण, ते मी तवयच रडी लेती. तू मले इतला वरीस आशेवर ठेवं. आते रडाले बी येत नही. मी तिच्या पायाले हात लावायले गेली तर तिनं हात धरला, म्हणे, ऱ्हाऊ दे, भाकर खाय. मी भाकर खाल्ली, तिनं वाढली. माफ केलं का नई, ते मी विचारलं नई अन् तिनं सांगितलं नई.

आता प्रज्ञा धुळ्याले नर्सिंग शिकते. हे थकले, गाडी भरायचं सुटलं, घरीच असतात. कोणी कोणी अजून विचारायले येतं, तुमच्यासारखंच, खरं का हो पुनर्जन्माचं. हे म्हणतात नई. मी म्हणते, मले माहीत नई. पाठीले कान लावून बसलेली पोरगी मी पाहिली, अन् वखारीतल्या बायांच्या बोलण्यात वाढलेली पोरगीही मीच पाहिली. मागचा जन्म असो नसो, ह्या जन्मात मी जे केलं ते माझ्या डोळ्यांसमोर आहे.

परवा प्रज्ञाचा फोन आला. म्हणे, आई, आखाजीले सुट्टी आहे, मी सोनगीरले उतरते, मावशीच्या नवऱ्याले पाहून येते, औषधं नीट घेतात का ते. मी म्हटलं, जा बाई. काय बोलायचं, तिले काय हाक मारायची, काहीच सांगितलं नई. तिचं तिले सुचेल ते बोलेल. दोघी सुखी राहोत.