हापशीचं पाणी

नागपुरात हाडांच्या डॉक्टरकडे बसले होते. आतून एक म्हातारे, त्यांची सून आणि पाय वाकलेली लहानगी नात बाहेर येऊन माझ्या शेजारी बसली.

“प्रेमिला, डॉक्टर काय म्हणाला, मले पुन्हा सांग.”

“खालच्या खडकात फ्लोराइडचं खनिज आहे म्हणे, बाबा. ते बोअरच्या पाण्यात उतरते. तेच पोरीच्या हाडात गेलं.”

“पाणी तर काचेवानी साफ आहे.”

“दिसत नाही म्हणे ते. चवीलेही लागत नाही.”

“अन् जुन्या विहिरीचं?”

“वरच्या पाण्यात बहुतेक कमी राहते म्हणाले.”

“विहीर मीच बुजवली वं. दोनशे फूट बोअर मीच मारायले लावली.”

“चांगल्यासाठीच केलं तुम्ही.”

“पाय सरळ होतील का तिचे?”

“ते नाही सांगितलं त्यायनं.”

“अख्खा मोहल्ला पिते ते पाणी. शेजारच्या मायाची सून पोटुशी आहे.”

“घरी गेल्यावर सांगू.”

“पोचतपर्यंत संध्याकाळ होते. प्रशिकले फोन लावून दे मले, हापशीजवळच राहते तो.”

तिनं लावून दिला.

“प्रशिक, मी दादाजी बोलून राहिलो. हापशीले आताच कुलूप लाव. कोणी विचारलं काहून, तर सांग, ज्यानं बोअर मारली त्यानंच सांगितलं.”