खोलून ठेवलेलं इंजिन

सोमवारी संध्याकाळी पावणेसहाला, कान्होजीभाऊ — बरोबर पावणेसहा. ट्रॅक्टर कधी बंद पडला विचारलंत म्हणून सांगते, मी दारातच होते, घड्याळाकडे बघत होते, कारण मामंजी सूर्याजीला घेऊन ट्रॅक्टरवर गेले की मी घड्याळाकडेच बघते, दुसरं काही हातून होत नाही माझ्या — तर पावणेसहाला फाटकातून आत आला, दोनदा खोकला, काळा धूर सोडला आणि बसला तो बसलाच. त्याच वेळी पोराला खाली उतरवून घेतलं मी. ट्रॅक्टर काही हलला नाही, तिथंच आहे. चहा घ्या ना, निवतोय. हात नंतर धुवा, कपाला काळं लागलं तर लागू दे, घासायचाच आहे.

तेव्हापासून घरात एकच विषय — बांधायचा की बदलायचा. मामंजी म्हणतात इंजिन खोलून, दुरुस्त करून पुन्हा बांधून घ्या, मी आहे तोवर चालेल. हे म्हणतात बदला, शोरूमवाला जुना घेऊन नवा देतोय, पण त्याची अट अशी की जुना चालत दारात यायला पाहिजे, ओढून आणलेला नको. मामंजी म्हणतात, समरजीत, आपल्या घरात घोडं विकत नाहीत. हे म्हणतात, घोडं डिझेल पीत नव्हतं. मग दोघंही माझ्याकडे बघतात. मी काय म्हणते? मामंजींना म्हणते, बांधायलाच हवा. यांना म्हणते, बदलायलाच हवा. सकाळी एक, संध्याकाळी दुसरं. नाही हो, गोंधळ नाही माझा, माझं पक्कं आहे — दोघांचं जमायला नको. कायमचं नाही, दसऱ्यापर्यंत. नांगरटीला शेजारचा बोलावलाय, तिचं काही अडत नाही. पण आज हे कामावर गेले आणि मामंजींनी गुपचूप तुम्हाला बोलावून घेतलं, आणि तुम्ही म्हणता दोन दिवसांचं काम. दोनच? जरा नीट बघा ना आत.

दसऱ्याचं? अहो तुम्ही आपल्या छावणी वस्तीतलेच, तुम्हाला काय सांगायचं — पण आमच्याकडे जरा कडक आहे. घरातला मुलगा तीन वर्षांचा झाला की त्या दसऱ्याला थोरल्यानं त्याला आपल्यापुढे घोड्यावर घ्यायचं आणि शमीपर्यंत जायचं. घोडी गेली, ट्रॅक्टर आला, आता मडगार्डवर बसवतात. हे बसले होते, फोटो आहे भिंतीवर, फोटोत कुणीच हसत नाहीये. यंदा सूर्याजी. पुढच्या वर्षी नाही चालत, तीन वर्षांचा असतानाच असतं ते — सासूबाईंना विचारून झालं माझं, दोनदा. नवा घेतला तरी त्याच्यावर बसवणार, जुना बांधला तरी बसवणार. म्हणून म्हटलं, बंदच बरा.

भीती कसली म्हणजे — ब्रेकची. ब्रेक चांगलाय? बरं. मग मडगार्डची, गंजलंय ते, हलवून बघा — तेही पक्कं करून देता? सगळंच नीट होतं हो तुमच्याकडे. मग रस्त्याची म्हणा. नाही, मामंजींना चालवायला येत नाही असं कुठं म्हणते मी, सगळं आयुष्य चालवलाय त्यांनी. मी एवढंच विचारलं होतं, मामंजी, पोराला धरणार कोण? तर म्हणाले, "एका हातानं धरतो ना, पोरी." पोरी म्हणाले. एरवी सूनबाई म्हणतात. एका हातानं! भाऊ, तुमच्या कपात चहा कसा काठोकाठ आहे बघा. मामंजींना मी अर्धाच देते. होळीपासून. सासूबाईंना वाटतं दूध वाचवते, माहेरी सवय असेल म्हणतात. वाटू दे. मामंजी अर्धा पितात, कप ठेवतात, पुन्हा अर्धा मागतात, माझ्याकडे बघत नाहीत. मीही बघत नाही. असं चाललंय आमचं.

हे बोलायचं नव्हतं मला. तुम्ही इंजिनचं विचारत होता.

नाही, यांना सांगितलं नाही. यांना सांगितलं तर हे सगळ्यांसमोर म्हणतील, बाबा, किल्ली द्या. त्या दिवसापासून मामंजी फाटकाबाहेर पडायचे नाहीत — मी ओळखते त्यांना. आणि खरं सांगू, सूर्याजीनं त्यांचं बोट धरलं ना, की तो हात हलायचा थांबतो. एकदम थांबतो, मी पाहिलंय, रोज बघते. पण ट्रॅक्टर चालवताना कुणाच्या हातात बोट कसं द्यायचं? पायी गेले ना दोघं शमीपर्यंत, तर काही होणार नाही. ट्रॅक्टर बंद म्हणून पायी — त्यात कुणाला खाली बघायला नको. सासूबाई कुरकुरतील, ते माझं मी बघेन.

म्हणून एक काम करा. खोला इंजिन. आजच खोला, मामंजींसमोर, सगळं काढून पोत्यावर मांडून ठेवा. खोललेलं इंजिन चालवताही येत नाही आणि शोरूमला नेताही येत नाही, बरोबर ना? मामंजींना वाटेल बांधायला घेतलं. हे रागावतील, पण ढकलत थोडेच नेणार आहेत. आणि मग एखादी वस्तू मिळू देऊ नका. कुठलीही — ते तुम्हाला कळतं, मी सातवी शिकलेली. खोटं कसलं, दसऱ्यानंतर मिळाली म्हणजे मिळालीच की. मग बांधा, नाहीतर बदला, माझं काही म्हणणं नाही.

थांबा, चप्पल वाजली, येतायत. तो कप इकडे द्या आधी, भरलेला त्यांच्यासमोर नको. आणि हाताचं काही बोलू नका, इंजिनचंच बोला. तुम्ही वस्तू नाही म्हणालात तर ते दुसरा मिस्त्री बोलावतील, म्हणून छावणीत मिस्त्री जेवढे आहेत तेवढ्यांना आजच सांगून ठेवा, भाऊ — मामंजींच्या, म्हणजे जगदेवरावांच्या ट्रॅक्टरची वस्तू दसऱ्याआधी कुणाकडेच नाही.