फाट्यावरचा थांबा

—न्हाई न्हाई, बसा हो रतनसिंगभाऊ, उभं काहून राहिले? आमदाराच्या हापिसातली खुर्ची म्हणून काय चावती? बसा. साहेब न्हाईत, पण साहेब असून तरी काय करणार — कागद तर ह्या सोमेश्वरच्याच हातून जाणार ना? अकरा वर्षं झाली मला ह्या टेबलावर. साहेब निवडून आले तरी मी इथंच, पडले तरी मी इथंच. आन् तुमचं काम मला सांगायची गरज न्हाई — पोरगी मिना, बारावीला, हिंगोलीच्या कॉलेजात, आन् बस तुमच्या तांड्याच्या फाट्यावर थांबत न्हाई. बराबर? लेकरू रोज चार किलोमीटर पायी कनेरगाव नाक्याला जातं आन् तिथून बस धरतं. मागच्या बारीला तुमी म्हणले होते, थांबा न्हाई झाला तर कॉलेज बंद, सोयरीक बघतो. पाहा, पाठ हाय का न्हाई मला?

साहेब कुठं गेले म्हणता? लगीनसराई हाय भाऊ! एकशे बेचाळीस गावं, वरतून वाड्या-तांडे, तीन लाखावर मतदार — आन् रोज कोनाच्या ना कोनाच्या घरी काही चालूच. आज सात लग्नं, दोन मयतीची घरं आन् एक बारसं. साहेब मुंबईत सभागृहात काय बोलले हे आजपर्यंत एकानं विचारलं न्हाई मला. पण लग्नाला आले न्हाई, हे लोक पाच वर्षं ध्यानात ठेवतात — मतदानाच्या रांगेत उभे राहून एकमेकाला सांगतात. म्हणून लग्नाची वही वेगळी, मयतीची वेगळी. मागच्या साली जवळा बाजारला गंमतच झाली. चिठ्ठ्या मीच दिलत्या गाडीत, पण उलट्यासुलट्या झाल्या. साहेब मांडवात उतरले, नवरीच्या बापाचे दोन्ही हात धरले आन् म्हणले — देवापुढं कोनाचं चालतं? आता धीर धरा. — आन् तो बाप ढसाढसा रडला हो! म्हणला, बापाचं काळीज एका साहेबालाच कळलं. ते सारं घराणं आपल्याकडं हाय आता. नशीब लागतं राजकारणात. — मयतीच्या घरी काय म्हणले? ते राहू द्या.

चहा घ्या ना. निवून राहिला. — पिशवीत मागची पत्रं दिसून राहिली. किती, चार झाली ना? मंग पाचवं देतो, त्यात काय! पत्राची कंजुषी न्हाई आपल्याकडं. दिवसाला साठ-सत्तर जातात — बदली, दवाखाना, वसतिगृह, विजेची डीपी जळाली. 'तातडीने व वैयक्तिक लक्ष घालून' हे वाक्य बसवलं कोनी? मीच. आन् सही — जरा इकडं सरका — सही बी मीच करतो. साहेबाची सही साहेबापेक्षा मला चांगली येती. एकदा बँकेनं साहेबाची खरी सही जुळत न्हाई म्हणून परत पाठवली, मंग मी केली तवा चेक वटला. ह्या भिंतीबाहेर बोलू नका. तुमी आपले माणूस म्हणून सांगून राहिलो.

आता तुमीच सांगा, साठच्या साठ कामं करा म्हणलं तर अधिकारी येडे होतील का न्हाई? होतील. म्हणून मी शाई काढली. हिरव्या शाईची सही म्हणजे काम करा. निळ्या शाईची म्हणजे पत्र फाईलला लावा आन् माणसाला गोड बोलून वाटंला लावा. नवा अधिकारी बदलून आला की पहिल्या हप्त्यात मी स्वतः जाऊन सांगतो. माणसाला पत्र भेटतं — तो खूश. अधिकाऱ्याला तकलीफ न्हाई — तो खूश. साहेबाला तर ह्यातलं काही ठाऊकच न्हाई, म्हणून साहेब सगळ्यात खूश. हाय का न्हाई अक्कल? साधं बी.ए. झालोय मी, तेबी दुसऱ्या बारीला.

— काय झालं? पिशवी काहून उघडून राहिले? राहू द्या ना भाऊ, माझ्याकडं नकला असतात साऱ्या — बरं, दाखवा. हे... निळी. हे बी निळी. हे — हं. हे बी. प्लास्टिकमधी घालून ठेवलेत तुमी, घडी बी पडू दिली न्हाई.

हे बघा, रागाचं काही न्हाई ह्यात. यादी असती, बूथची. मी काही मनानं रंग ठरवत न्हाई. थांबा, दाखवतोच — हे पाहा, तुमचं गाव, शाळेच्या खोलीतला बूथ. साहेब एकशे अकरा मतांनं मागं. जो बूथ मागं, त्याला निळी. नियम म्हणजे नियम, माझ्या सासुरवाडीला बी निळीच जाती, बायको चार दिवस बोलत न्हाई. — काय म्हणता? तांड्याची सारी मतं साहेबालाच? तुमी स्वतः ट्रॅक्टरात बसवून नेली, म्हाताऱ्या पारुबाईला खाटंवर उचलून नेलं? — मंग एकशे अकरानं मागं कसं काय... हां. हां हां. तांड्याला आपला बूथ न्हाई. गावाच्याच मशीनीत पडतात तुमची. गाव गेलं विरोधात आन् तुमची एकशे नव्वद त्याच्याखाली गेली दबून. आयला! म्हणजे गावाची निळी तुमाला लागून राहिली होती. चार बाऱ्या.

हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई कधी. खोटं कशाला बोलू, वाईट वाटून राहिलं मला. मला बी लेक हाय, पुनम — कॉलेजलाच हाय, तिला गाडी घेऊन देली मी, पायी जाती म्हणलं तर जेवण जात न्हाई मला. थांबा. हा पाहा हिरवा पेन. तुमच्या डोळ्यादेखत. 'तातडीने' — आन् ही सही. बस डेपोत फोन बी करतो, बसा. — हॅलो! हां, सोमेश्वर बोलून राहिलो, साहेबाकडून. ते तांड्याच्या फाट्याचं — व्हय, बसचा थांबा — हिरवी हो, हिरवीच, माझ्या समोर हाय — उद्यापासून? सकाळची बी, संध्याकाळची बी? वा, वा. — झालं! किती लागलं? चहावरची साय बी मोडली न्हाई तुमच्या.

घ्या. घ्या ना पत्र. — भाऊ? हात तरी पुढं करा. काहून बघून राहिले असं? — न्हाई पाहिजे? मंग आलते कशाला तुमी आज? — हे काय? आणा.

चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी मिना...

बावीस जानेवारी. परीक्षा तर फेब्रुवारीत असती ना? — हं. पोरगं पुण्याकडं कंपनीत. चांगलंच हाय मंग. चांगलं हाय. — अठरा पुरी झाली ना तिची? न्हाई, आपलं विचारलं, साहेबाचा फोटो निघतो, मागून तकलीफ नको. — झाली. बरं. मिना काय म्हणती? — न्हाई, राहू द्या.

साहेब येतील. लग्नाला साहेब चुकत न्हाईत, सारा जिल्हा सांगल तुमाला. हे पाहा, वहीत लिहिलं — बावीस, दुपारी साडेबारा, पाच मिनिटं. न्हाई, दहा. दहा मिनिटं लिहितो तुमच्यासाठी. गाडी तांड्यापर्यंत जाती का हो? — न्हाई जात. काही हरकत न्हाई, गाडी फाट्यावर थांबवू आन् तिथून —

बरं, या आता तुमी. लई जण बसलेत बाहेर. पुढचं कोन हाय?