पॉलिन, पोचायची का गं?

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय फादर जॅक्सन, महिला मंडळाच्या प्रमुख ग्रेसी टीचर, व्यासपीठावर शाल पांघरून बसलेली आजची सत्कारमूर्ती पॉलिन आणि एवढ्या उकाड्यातही हॉल भरून आलेल्या गास गावच्या माझ्या बंधुभगिनींनो,

पॉलिन येत्या शनिवारी मुलाकडे कॅनडाला चालली, कायमची. ‘तिच्या जिवलग मैत्रिणीने दोन शब्द बोलावेत,’ असं मंडळाने ठरवलं आणि माझं नाव घातलं. तेव्हापासून मी पुरती गोंधळले आहे. कारण पॉलिन आणि मी कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नाही.

हसू नका. ग्रेसी टीचर, तुमची चूक नाही. दर रविवारी आम्ही एकाच बाकावर शेजारी बसतो, तेच तुम्हाला दिसतं. पण भांडण झालं म्हणून बाक का सोडायचा? मी सोडला नाही, तिनेही सोडला नाही.

भांडण कशावरून? आळीतल्या क्रुसाच्या सणाला दोन हार आले, तिचा आणि माझा. वर कुणाचा घालायचा, खाली कुणाचा? आधी कोण तोंड टाकून बोललं, ते मला खरंच आठवत नाही.

पण रविवारच्या प्रार्थनेत, मिस्सात, फादर सांगतात, ‘एकमेकांना शांती द्या.’ आणि शेजारी तर हीच! मग मी हात पुढे करते, ती धरते, ‘शांती असो’ म्हणते, मीही म्हणते. की झालं, परत दोघींची तोंडं दोन दिशांना. आमचे हे, फर्डिनंड, गेले, त्यानंतरच्या रविवारी मात्र तिने हात धरला तो सोडेचना. लोक कम्युनियन घ्यायला रांगेत उठले, तरी सोडला नाही. बोलली तेवढंच, नेहमीचं, ‘शांती असो’. घरी येऊन मी खूप रडले. फर्डिनंडसाठी की हिच्यासाठी, ते मला अजून कळलेलं नाही.

याला मैत्री म्हणायची, की नुसती उपासनेची शिस्त? मी फादरांना विचारलं, ‘मनात राग ठेवून दिलेली शांती पोचते का हो?’ फादर म्हणाले, ‘ॲंजेला, जिला दिलीस तिलाच विचार.’ घ्या! म्हणजे पुन्हा बोलणं आलंच.

आता तर विमान शनिवारी. आमच्या दोघींच्या वाट्याला एकही रविवार उरला नाही. म्हणून लाज सोडून सगळ्यांसमोर विचारते. पॉलिन, पोचायची का गं?

काय? मोठ्याने बोल, माईक घे. नको? बरं. ऐकलंत ना, मंडळी? ती म्हणते, ‘पोचायची गं. नाहीतर तुझ्या शेजारी कोण बसलं असतं?’

थांबा, जरा पाणी द्या.

फादरांचे, मंडळाचे आणि सकाळपासून पॅटीस तळत बसलेल्या भगिनींचे मनापासून आभार. बोलण्यात काही वाकडं गेलं असेल, तर सभेने पोटात घालावं. पॉलिनची माफी मात्र मी इथे मागणार नाही, कारण चूक कुणाची तेच अजून ठरलेलं नाही. पॉलिन, उद्या दुपारी जेवायला ये, भांडून ठरवू. आणि शनिवारपर्यंत नाहीच ठरलं, तर कॅनडाला रोज फोन करीन.