काट्याचं टोक

परीक्षेच्या खोलीबाहेर वैमानिक लेक बसली होती. शेजारी बाबा, विमानांना दिशा दाखवणाऱ्या रेडिओ-स्टेशनवरचे जुने कारागीर. समोरच्या बाकावर मी डोळे मिटून ऐकलं, पदरचं अक्षर घालत नाही.

“बाबा, मागच्या खेपेला विमानातल्या पडद्यावरच्या दिशेच्या काट्याची शेपटी हेच टोक समजले नि उलटी गेले. आज चुकले तर कायमची घरी.”

“वेडाबाई, बाण असतो ते टोक. कुठेही वळ, ते स्टेशनकडेच बघणार. तू ढगांत झोपलीस तरी ते जागं.”

“आणि स्टेशनवरून पुढे गेल्यावर?”

“गर्रकन फिरून मागे दाखवतं.”

“तिथेच घाबरते मी. वाटतं, चुकलंच.”

“चुकत नाही गं. आम्ही मागे राहिलो, एवढंच.”

आतून हाक आली, तसे मी डोळे उघडले. बाबांसमोरून ती ताठ चालत गेली, आणि दाराशी तिची मान गर्रकन मागे फिरली.